तेव्हाकर

पिंपरी-चिंचवडच्या थेरगावात दोन 'कर' सगळ्यांना ठाऊक आहेत. पहिला शास्तीकर. अर्ध्या-एक गुंठ्यावर परवानगीवाचून घर बांधलं म्हणून घरपट्टीच्या मानगुटीवर बसलेला हा कर दर निवडणुकीत भाषणापुरता माफ होत राहिला आणि अखेर २०२३ मध्ये खरोखरच माफ झाला. दुसरा तेव्हाकर. त्याच्या माफीची काही लक्षणं नाहीत. चाकणचा तो चाकणकर, तळेगावचा तो तळेगावकर, तसा 'तेव्हा' या गावचा तो तेव्हाकर. डांगे चौकापासून सोळा नंबरच्या स्टॉपपर्यंत कुठल्याही गल्लीत शिरा, दर तिसऱ्या-चौथ्या घरात टीव्हीसमोरच्या दिवाणावर तो बसलेला असतो. वय पासष्टीच्या पुढे, कंपनीतून रीतसर रिटायर किंवा व्हीआरएस घेतलेला, मांडीवर उशी, हातात रिमोट. रिमोटचा उपयोग चॅनल बदलण्यासाठी नाही, आवाज कमी करण्यासाठी. जुना पिच्चर लागला की पाचव्या मिनिटाला तो आवाज दोनवर आणतो आणि सुरू होतो. "'दीवार' आला ना, तेव्हा आपल्याला परमनंटचं लेटर मिळायचं होतं." "'कुली' आला तेव्हा काळेवाडीत गुंठा मिळत होता, मीच नको म्हटलं." "'धूमधडाका' आला तेव्हा थोरलीचं बारसं होतं." व्याकरणाच्या दृष्टीने पाहिलं तर या सगळ्या वाक्यांत पिच्चर हा निव्वळ कालवाचक क्रियाविशेषण आहे. कर्ता कायम तेव्हाकर. अमिताभ बच्चनला कर्तेपदावरून इतक्या सहज खाली उतरवणारा दुसरा माणूस हिंदी सिनेसृष्टीतही सापडणार नाही.

घरची मंडळी याला सिनेमाचं वेड म्हणतात. शेजारी जरा सौम्यपणे 'जुन्या आठवणीत रमतात काका' असं म्हणतात. मला दोन्ही निदानं चुकीची वाटतात. तेव्हाकराला सिनेमाचं वेड नाही. त्याने पाहिलेल्या एखाद्या पिच्चरची गोष्ट त्याला विचारून पाहावी. दोन भाऊ असतात, मग ते हरवतात, मग मारामारी. हिरॉइन कोण? "ती हो, ती... उंच होती बघा." संगीत कुणाचं, दिग्दर्शक कोण, हे प्रश्न त्याला अपमानास्पद वाटतात, कारण हे लोक काही त्याच्या ओळखीचे नव्हते. मात्र त्या दिवशी शिफ्ट कोणती होती, विचारा. उत्तर तोंडावर येतं. याला कारण आहे. पिंपरीतलं विशाल, अशोक किंवा चिंचवडचं जयश्री, इथल्या शोच्या वेळा आणि कारखान्याच्या शिफ्टच्या वेळा यांचं गणित जमवल्याशिवाय या पट्ट्यातल्या कामगाराला पिच्चर बघताच येत नसे. फर्स्ट शिफ्टवाल्याला सहाचा शो सोयीचा, नऊचा अवघड, कारण पहाटे उठून बस धरायची. सेकंडवाल्याला फक्त दुपारी बाराचा, तोही सुरू होताच घड्याळ बघत. आणि नाईटवाला? तो सकाळी सुटतो, भाड्याच्या खोलीत येतो, तिथे आणखी चार-पाच जण, खिडकीतून ऊन, बाहेर धुण्याची आपटधोपट. त्याला स्वस्तात अंधार, पंखा आणि सलग तीन तास मिळण्याची गावातली एकमेव जागा म्हणजे थिएटर. तो इंटरव्हलपर्यंत तग धरी, पुढचं सगळं स्वप्नात. म्हणून अनेक तेव्हाकरांच्या आठवणीत सत्तरच्या दशकातल्या पिच्चरना सेकंड हाफच नाही. खलनायकाचं शेवटी काय झालं हे त्यांना टीव्हीवर, वीस वर्षांनी, पहिल्यांदा कळलं.

त्यात गुरुवार. बाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवं, की पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्याची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार एकाच दिवशी येऊ नये म्हणून वेगवेगळ्या भागांतल्या उद्योगांना सुट्टीचे वेगवेगळे वार वाटून दिले गेले, त्यात आमच्या वाट्याला दत्ताचा वार आला. आता सिनेमाचा आठवडा सुरू होतो शुक्रवारी आणि संपतो गुरुवारी. म्हणजे ज्या दिवशी तेव्हाकराला सुट्टी, तो दिवस पिच्चरचा शेवटचा. पट्ट्याबाहेरचा महाराष्ट्र नवीन पिच्चर पाहत होता तेव्हा हा माणूस आयुष्यभर उतरणारे पिच्चर पाहत आला. थिएटरबाहेर पोस्टरवाला शिडी लावून उद्याचं पोस्टर चिकटवतो आहे, डिंकाची बादली खाली ठेवली आहे, आणि आजच्या हिरोचं अर्धं तोंड झाकलं गेलं आहे, अशा अवस्थेत त्याने तिकीट काढलेलं. दूरदर्शनने तर आणखी गंमत केली. त्यांचा हिंदी पिच्चर रविवारी संध्याकाळी. घरोघरी रविवार म्हणजे आंघोळ उशिरा, जेवण जड, आणि संध्याकाळी शेजाऱ्यांसह पिच्चर. इथे रविवार कामाचा. सेकंड शिफ्ट लागली की रविवारचा पिच्चर गेलाच, आणि सोमवारी कॅन्टीनमध्ये फर्स्टवाल्यांकडून त्याची गोष्ट ऐकायची. ज्या माणसाची सिनेमाशी गाठ अशी कायम तिरपी पडली, त्याला सिनेमा आठवावा ही अपेक्षाच अन्यायाची आहे. त्याला आठवतं ते गाठ कशी पडली ते.

पुण्यातला स्मरणरंजक निराळ्या मुशीतला. त्याच्या शहरात 'प्रभात' १९३३ मध्ये कोल्हापूरहून येऊन वसली, तिच्याच आवारात १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट झाली, १९६४ मध्ये चित्रपट संग्रहालय आलं. त्यामुळे पेठेतला माणूस 'संत तुकाराम'चं नाव काढलं की १९३६ साल सांगतो, व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाल्याचं सांगतो, विष्णुपंत पागनिसांच्या डोळ्यांबद्दल सांगतो, आणि ऐकणाऱ्याला घरी जायची वाट मोकळी आहे याची जाणीवही तोच करून देतो. तेव्हाकराचं 'संत तुकाराम'बद्दलचं निरीक्षण एवढंच, की देहूला जाताना पूर्वी सायकलने बरं पडायचं. कुणी याला अरसिकपणा म्हणेल. म्हणो. पण पेठेतल्या माणसाची आठवण ग्रंथालयात जाऊन तपासता येते, म्हणजेच ती त्याच्याशिवायही शाबूत राहील. तेव्हाकराची नोंद दुसऱ्या कुठल्याही दफ्तरी नाही.

आता मुद्द्याचा प्रश्न: खुंटी म्हणून पिच्चरच का? आपल्याकडे काळ मोजायची जुनी रीत संकटांची आहे. प्लेगाच्या आदल्या वर्षी, दुष्काळाच्या साली. पुण्यात 'पानशेत फुटलं तेव्हा' म्हटलं की १२ जुलै १९६१ हा दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकदम उभा राहतो, मग तिथून पुढे-मागे मोजत जाता येतं. पाटण-कराडकडच्या माणसाचं असंच कोयनेच्या भूकंपाचं, डिसेंबर १९६७ चं. लातूर-उस्मानाबादच्या माणसाचं किल्लारीचं, सप्टेंबर १९९३ चं. सोलापूर-नगर-बीडच्या बाजूचा माणूस बहात्तरच्या दुष्काळावरून मोजतो. आणि थेरगावात हे सगळेच जण एका जिन्यावर राहतात. तळमजल्याला कोयना, पहिल्या मजल्यावर किल्लारी, वर पत्र्याच्या खोलीत बहात्तर. प्रत्येकाचं संकट खरं, पण शेजाऱ्याच्या कामाचं नाही. पट्ट्याचं स्वतःचं असं सामाईक संकट म्हणाल तर ते संप. पण संपाची आठवण काढून काळ मोजणं धोक्याचं. १९८९ चा टेल्कोचा संप निघाला की पाठोपाठ 'तू तेव्हा आत होतास की बाहेर' हा प्रश्न निघतो आणि दोन बिऱ्हाडांतली दिवाळीच्या फराळाची ताटं पुन्हा बंद होतात. मग उरलं काय? सर्वांनी पाहिलेलं, कुणाचं काही न गेलेलं, भांडण न लावणारं असं एकच काहीतरी, ते म्हणजे पिच्चर. संकटावर एकमत होईना म्हणून 'शोले'वर झालं. मोरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये अख्खं पुस्तक लिहून मांडलं, की माणूस एकट्याने आठवत नाही, भोवतालच्या माणसांनी उभ्या केलेल्या चौकटीत आठवतो. त्याच्या गल्लीत तेव्हाकर नसावा, नाहीतर पुस्तकाचे श्रम वाचले असते.

त्यातून हा पट्टा असा, की इथे दुसरी कुठलीही खूण जागेवर राहत नाही. टेल्कोचं २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं. पीसीएमटी २००७ मध्ये पीएमपीएमएलमध्ये गेली. १९७२ पासून ज्याच्या नावाने लोक पत्ता सांगत आले ते प्राधिकरण २०२१ मध्ये विसर्जित झालं. विशालच्या नावाला ई-स्क्वेअर चिकटलं. तेव्हाकर आजही टेल्को, पीसीएमटी आणि प्राधिकरण असंच म्हणतो, आणि रिक्षावाला नवखा असेल तर भलत्याच ठिकाणी उतरतो. अशा ठिकाणी १९७५ पासून 'शोले'चं नाव 'शोले'च राहिलं, हे विश्वासार्हतेचं मोठं लक्षण. यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की खुंटी भक्कम असेल, पण तिच्यावर टांगलेलं सगळं खोटं आहे त्याचं काय? आक्षेपात दम आहे. 'शोले'चाच दाखला घ्या. मुळात ठाकूर गब्बरला ठार मारतो असा शेवट चित्रित झाला होता. आणीबाणीतल्या सेन्सॉरला तो मानवला नाही आणि पोलीस येतात असा शेवट करावा लागला. मूळ शेवट जोडलेली प्रत दुरुस्त करून २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली, ती बातमी मोबाइलवर आली, तर तेव्हाकर म्हणतो, "यात नवीन काय? आम्ही विशालला तसाच पाहिलाय." पाहणं शक्य नव्हतं. पण त्याला खोटारडा म्हणण्याआधी गणपतीतला पडदा आठवावा. मंडळाचा पिच्चर रस्त्यात आडवा पडदा बांधून दाखवत, निम्मी माणसं प्रोजेक्टरच्या बाजूला, निम्मी पडद्यामागे. मागच्यांना पिच्चर तोच, फक्त उलटा. त्यामुळे 'दीवार'मधल्या गोदामातल्या मारामारीत अमिताभ डाव्या हाताने ठोसे मारतो की उजव्या, यावर दोन तेव्हाकर पन्नास वर्षं वाद घालू शकतात आणि दोघेही आपापल्या जागेवरून खरं बोलत असतात. मागच्याला बिल्ल्यावरचा ७८६ हा आकडाही नीट वाचता आला नव्हता. पण त्याच पिच्चरवरून त्याला स्वतःचा टोकन नंबर आठवतो, आणि तो त्याने आजवर एकदाही चुकवलेला नाही. तीच गत पैशांची. हिरॉइन चुकेल, साल चुकेल, शेवट चुकेल. त्या महिन्याचा ओव्हरटाइम आणि कुणी घेतलेले उसने पैसे चुकणार नाहीत. खोटेपणा सगळा पडद्याच्या वाट्याला, खरेपणा सगळा खिशाच्या. मला ही वाटणी न्याय्य वाटते.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे, आणि तो घेणारे बहुधा भाडेकरू असतात. त्यांचं म्हणणं, एवढं सगळं आठवतं तर त्याचा काही उपयोग का होत नाही? इथे 'अशी ही बनवाबनवी' समोर ठेवावा लागतो. १९८८ चा हा पिच्चर थेरगावात महिन्यातून दोनदा तरी कुठल्या ना कुठल्या दिवाणासमोर चालू असतो. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वरून घेतलेली त्याची गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याला इथे रेशनकार्ड मिळत नसावं: पुण्यात चार बॅचलर पोरांना खोली मिळत नाही, लीलाबाई काळभोरांना भाडेकरू हवेत ते जोडप्यांचे, म्हणून दोघे लुगडी नेसून बायका होतात. तेव्हाकराने हा पिच्चर पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो स्वतः कॉट बेसिसवर राहत होता. एका खोलीत तीन कॉट, सहा माणसं. एक उठून फर्स्टला गेला की नाईटवाला त्याच उबेत आडवा. खोल्या शोधताना 'फॅमिली आहे का' हा प्रश्न त्याने अकरा दारांत ऐकला होता, आणि लग्न ठरवण्यामागे या प्रश्नाचा वाटा किती, हे तो आजही प्रामाणिकपणे सांगतो. तेव्हा तो हसला तो मालकिणीला कसं बनवलं म्हणून. आज त्याच तेव्हाकराच्या तीन मजली घराच्या गेटवर, 'श्री स्वामी समर्थ'च्या बरोबर खाली, निळ्या रंगात लिहिलेलं असतं: रूम भाड्याने देणे आहे, फक्त फॅमिलीसाठी, बॅचलरने चौकशी करू नये. हिंजवडीत कोडिंग करणारी आणि चाकणच्या कंपनीत हेल्परी करणारी अशी दोन्ही प्रकारची पोरं ती पाटी वाचून पुढच्या गेटवर जातात, तिथेही तीच पाटी. आणि आत टीव्हीवर परशाची पार्वती झालेली असते, तेव्हाकर पोट धरून हसत असतो. त्याच जागी, तितकाच मोठ्याने. फक्त मधल्या पस्तीस वर्षांत तो न कळत लीलाबाईंच्या खुर्चीत जाऊन बसला आहे. त्याची आताची टिप्पणी ऐका: "बघ, इथे जर का तिने आधार कार्ड मागितलं असतं ना, तर पिच्चर पाच मिनिटांत संपला असता." घरमालक विश्वास सरपोतदारांच्या सत्तर रुपयांचा प्रसंग आला की तो हसत नाही. डिपॉझिट कुणाचं किती बाकी आहे, हे तो तेव्हा मनात मोजत असतो. याला ढोंग म्हणायचं का? मी म्हणणार नाही. ढोंग्याला आपलं पूर्वीचं रूप लपवावं लागतं, हा तर ते चहाबरोबर वाटतो. आठवण माणसाला शहाणं करते ही कल्पना बहुधा ज्यांना भाड्याने खोल्या द्यायच्या नसतात अशा लोकांनी काढली असावी.

तेव्हाकराचं म्हणणं खोडून काढायचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असतो, आणि ती व्यक्ती हे काम ओट्याशी उभी राहून, पाठमोरी, भाकरी थापता थापता करते. "अहो, 'हम आपके हैं कौन'ला आपण सगळे गेलो होतो," असं तो म्हणाला रे म्हणाला की आतून येतं, "आपण नाही, तुम्ही. धाकटा तापाने फणफणला होता, मी दवाखान्यात केसपेपरच्या लायनीत होते." तेव्हाकर आवाज तीनवर नेतो. काकूंच्या स्मरणाची पद्धत नवऱ्याच्या अगदी उलट. तो पाहिलेल्या पिच्चरवरून मोजतो, त्या न पाहिलेल्या. कुठल्या पिच्चरला कोण पाहुणे आले म्हणून राहिलं, कुठल्या पिच्चरला सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं होतं, कुठला पिच्चर 'पुढच्या गुरुवारी जाऊ' म्हणता म्हणता शुक्रवारी उतरला. ही यादी लांब आहे आणि तिच्यात एकही तपशील संशयास्पद नाही. त्यांनी पाहिलेल्यांत एकच पिच्चर ठळक, १९९१ चा 'माहेरची साडी'. चाळीतल्या बायका मिळून गेल्या, प्रत्येकीच्या हातात रुमाल, घरून ठरवून नेलेला. शहाण्या माणसांनी त्या रडारडीची पुष्कळ थट्टा केली आहे. पण अलका कुबल पडद्यावर सोसत होती, त्या अंधारात बाईला मनसोक्त रडता येत होतं आणि 'काय झालं' असं विचारणारं शेजारी कुणी नव्हतं, ही सोय तेव्हा दुसरीकडे कुठे होती? काकूंना त्या दिवसातलं सगळ्यात जास्त काय आठवतं तर, तीन तास कुणी चहा मागितला नाही. तेव्हाकरालाही तो पिच्चर पक्का लक्षात आहे. "त्या दिवशी स्वयंपाक नव्हता. मिसळ आणली होती."

असं म्हणतात, की हा प्राणी आता दुर्मिळ होणार. हातातल्या फोनवर जो तो आपापल्या वेळी आपापलं बघतो, कंपनीच्या बसमध्ये चाळीस सीटवर चाळीस पिच्चर चालू असतात, कानात बुचं. मग 'तेव्हा' जमायचं कुठून? मला या भाकिताची अर्धीच बाजू पटते. सर्वांचा एक 'तेव्हा' होणं अवघड झालं, हे खरं. २०१६ च्या उन्हाळ्यात 'सैराट' आला तेव्हा वरातीत, जिममध्ये, टेम्पोच्या टपावर एकच गाणं होतं, आणि आज पंचविशी-तिशीतल्या पोराला 'सैराटच्या वर्षी' म्हटलं की अकरावीत होतो की बारावीत हे लगेच सांगता येतं. त्यानंतर चार वर्षांनी करोनात थिएटरंच बंद पडली. पण तेव्हाकर मरत नाही, तो खुंटी बदलतो. चाकणला ट्रेनी असलेल्या पोरांचं बोलणं कान देऊन ऐका. "हा पिच्चर मी रेडमीवर बघितलेला, ती स्क्रीन फुटलेली होती बघ, हिरोच्या तोंडावरनं रेघ जायची." कुठे पाहिला याला विशाल आणि अशोकच्या जागी हँडसेटचं नाव आलं, इतकंच. हिरोच्या तोंडावरची रेघ त्याला पन्नास वर्षांनीही आठवेल आणि हिरो आठवणार नाही. शिवाय याचीही शिफ्ट असतेच, त्यामुळे सेकंड हाफ राहिलेला असतोच. फक्त पूर्वी थिएटरवाला उठवायचा, आता बसचा ड्रायव्हर उठवतो.

मुलं-सुना तेव्हाकराला वर्षातून एकदा मल्टिप्लेक्सला नेतात. चिंचवडला एल्प्रो कंपनी होती, तिच्या जागेवर आता मॉल उभा आहे, तिथे. नवीन पिच्चर असतो, आवाज रिमोटने कमी होत नाही आणि 'तेव्हा' असं म्हणायला काही नसतं, म्हणून तो अंधारात पाहुण्यासारखा गप्प, सरळ पाठीने बसतो. इंटरव्हलला मात्र त्याला कंठ फुटतो. वरच्या मजल्याच्या कठड्याला टेकून तो खाली बोट दाखवतो. कंपनीचं गेट इथे होतं. नाही, तिथे, ते सरकत्या जिन्याच्या अलीकडे. नाही, नाही, आता ते रेडीमेड कपड्यांचं दुकान आहे ना, त्याच्या आत. नात पॉपकॉर्नची बादली घेऊन शेजारी उभी असते, काकू दरवाजातून हाक मारतात, पिच्चर सुरू झाला. तो गेट नक्की करूनच आत येतो, दहा मिनिटं उशिरा, अंधारात लोकांच्या गुडघ्यांना 'जरा, जरा' म्हणत. परत जाताना पार्किंगमध्ये गाडी सापडेपर्यंत नात विचारते, "आजोबा, कसा वाटला पिच्चर?" तेव्हाकर विचार करतो. मग म्हणतो, "टीव्हीवर लागला की सांगतो."